रडार की एडीएस-बी? विमाननगरच्या गच्चीवरून

पुण्यात विमाननगरला गच्चीवर उभं राहिलं की लोहगाव विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात. मोबाइलमधलं अ‍ॅप त्यांचा नंबर, उंची, वेग सगळं सांगतं. मग कानठळ्या बसवत हवाई दलाचं सुखोई लढाऊ विमान जातं आणि अ‍ॅप मात्र ढिम्म! विमानं टिपणाऱ्या या दोन तंत्रांतला, रडार आणि एडीएस-बीतला, फरक तिथंच कळतो.

अ‍ॅपला माहिती मिळते ती मुख्यतः एडीएस-बीमधून. विमान उपग्रहांच्या आधारे स्वतःची जागा काढतं आणि सेकंदाला साधारण दोनदा १०९० मेगाहर्ट्झवर जाहीर करतं. ऐकायला छोटा अँटेना पुरतो, हौशी मंडळी घरीही लावतात. विमानतळाजवळच्या रडारला एक फेरी मारायला चार-पाच सेकंद लागतात. शिवाय फिरती यंत्रणा, म्हणजे खर्च आणि देखभाल आलीच. समुद्रावर तर रडार उभारणार कुठं? तिथं २०१९ पासून उपग्रहच विमानांचे हे संदेश टिपतात.

तरी रडार मोडीत काढायला माझा ठाम विरोध. एडीएस-बी म्हणजे ‘मी इथं आहे’ हा विमानाचा शब्द. जीपीएसमध्ये कुणी खोटे संकेत घुसवले, तर शब्दही खोटा. आणि विमान बोललंच नाही तर? प्राथमिक रडार कुणाला विचारत बसत नाही. लहर सोडतं, आपटून परत आलेली टिपतं. विमान कुठलं हे त्याला कळत नाही, त्यासाठी दुय्यम रडार विमानातल्या ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे उत्तर देणाऱ्या यंत्राला, प्रश्न विचारतं.

लोहगाव हा हवाई दलाचा तळ, नियंत्रणही त्यांच्याकडेच. तिथं गप्प राहणारं विमानसुद्धा दिसायलाच हवं.