बेडवरच्या चंद्रकोरींना भुलू नका: वारसाने आलेल्या लेथच्या दुरुस्तीत होणारी फसवणूक

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या जुन्या शेडांमध्ये वडिलांच्या काळातलं एखादं सहा फुटी लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापणारं मशीन) हमखास सापडतं. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचं, एचएमटीचं, नाहीतर बटाल्याचं. बीड (ओतीव लोखंड) मुरलेलं, वजन भरपूर, अजून वीस वर्षं सहज चालेल असं. वारसाला मशीन मिळतं, पण त्याची मापं कुणी लिहून ठेवलेली नसतात आणि फसवणारा नेमका त्याचाच फायदा घेतो. नाशिकमधल्या अशाच एका मशीनचं काय झालं ते वाचा.

तक्रार साधी होती: चकजवळ, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) पकडणाऱ्या जबड्याजवळ, जॉब टेपर म्हणजे निमुळता होतो. दुरुस्तीवाल्याने बेड (मशीनचा लांब पाया) ग्राइंडिंग, सॅडल (हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग) स्क्रेपिंग, स्पिंडलला (चक फिरवणाऱ्या दांड्याला) नवी बेअरिंगं आणि मोटर रिवाइंडिंग असं बिल लावलं. मशीन परत आलं तेव्हा नवा रंग होता आणि बेडभर चंद्रकोरीसारखी चमकदार नक्षी. घरचे खूश झाले आणि पैसे चुकते झाले.

ती नक्षी म्हणजे फ्लेकिंग. त्याने तेल धरून राहतं, पण सपाटी येत नाही. खऱ्या स्क्रेपिंगमध्ये स्ट्रेटएजला (अचूक सरळ पट्टीला) निळा रंग लावून घासतात, उंच ठिपके खरवडतात आणि २५ मिमीच्या चौकोनात दहा-पंधरा ठिपके समान दिसेपर्यंत तेच करत राहतात. हे कष्टाचं, दिवसेंदिवस चालणारं काम आहे. झिजलेल्या बेडवर नुसती नक्षी काढायला एक दुपार पुरते.

तपासणीत सगळं उघड झालं. बेडवरच्या ज्या पट्ट्यांवर टेलस्टॉक (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) सरकतो त्या कमी झिजतात, म्हणून टेलस्टॉकच्या बेसवर डायल (बारीक फरक दाखवणारं मापक) बसवून सॅडल ज्या व्ही आकाराच्या पट्टीवर सरकतो तिच्यावरून फिरवला. चकजवळच्या पहिल्या फूटभरात ०.२ मिमीचा खड्डा जसाच्या तसा होता. डायल नसेल तर सॅडलची जिब (ढिलेपणा काढायची पट्टी) चकजवळ बेताची आवळा आणि सॅडल टेलस्टॉककडे न्या. तिकडे अडकत असेल, तर बेड झिजलेलाच आहे.

दुसरा पुरावा याहून पक्का. बेड खरोखर ग्राइंड केला तर सॅडल तेवढाच खाली बसतो, एप्रन (सॅडलचा पुढचा लटकता भाग) उतरतो आणि त्यातला हाफनट लीडस्क्रूशी (आटे पाडताना सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूशी) जुळत नाही. मग सॅडलखाली टर्साइटची (झीज सोसणाऱ्या प्लास्टिकची) पट्टी चिकटवावी लागते, किंवा लीडस्क्रूची ब्रॅकेटं खाली घेऊन डॉवेलची (जागा पक्की करणाऱ्या पिनांची) भोकं नव्याने रीम करावी लागतात. इथे पट्टी नव्हती आणि डॉवेल जुन्याच जागी होते. म्हणजे ग्राइंडिंग झालंच नव्हतं.

हेडस्टॉकमध्ये (स्पिंडल आणि गिअरच्या पेटीत) ६८ ग्रेडच्या पातळ तेलाऐवजी १४० नंबरचं गिअर ऑइल भरलं होतं. घट्ट तेलात खराब बेअरिंगचा आणि गिअरचा आवाज दबतो. मशीन तासभर चालवून, गरम झाल्यावर पुन्हा ऐका. मोटरमध्ये तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार निघाली. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, त्यामुळे त्याच स्लॉटमध्ये भरलेली वाइंडिंग लोडवर तापते. तारेचं टोक नुसतं खरवडून भागत नाही, कारण तांब्याचा मुलामा दिलेली तारही मिळते. टोक कापून आतला रंग बघा.

सर्वांत जास्त हळहळ वाटते ती १२७ दातांच्या चेंज गिअरची (आट्यांचं माप बदलायला लावायच्या गिअरची). तो परत आलाच नाही. एक इंच म्हणजे २५.४ मिमी आणि त्याची पाचपट १२७, म्हणून इंची लीडस्क्रूवर अचूक मेट्रिक आटे पाडायला तोच लागतो. १२६ दातांवर भागवलं तर १०० मिमी लांबीत सुमारे ०.८ मिमी चूक येते. मूळ कंपनीचा गिअर आता मिळणं कठीण, करून घ्यायला वेगळा खर्च.

म्हणून मशीन शेडबाहेर काढण्याआधीच मोजा. आधी ०.०२ मिमी प्रति मीटर इतका कल दाखवणाऱ्या लेव्हलने बेडमधला पीळ काढा, कारण पिळानेही टेपर येतो आणि दोष भलत्यालाच लागतो. मग टेलस्टॉकचा आधार न देता जाड बारवर दोन कॉलर (कड्यांसारखे उंच भाग) बारीक कटने टर्न करा. २०० ते ३०० मिमी अंतरावरच्या दोन मापांत ०.०२ मिमीहून जास्त फरक नसावा. आकडे कागदावर लिहा, त्यावर दुरुस्तीवाल्याची सही घ्या आणि हीच चाचणी परत घेतल्यावरच शेवटचा हप्ता द्यायचा, असं कोटेशनमध्ये लिहून घ्या. चक, स्टेडी (लांब जॉबला मध्ये दिलेला आधार), प्रत्येक चेंज गिअर दातांच्या संख्येसह यादीत नोंदवा, फोटो काढा. काढलेली बेअरिंगं परत मागा. रंग मात्र चाचणीनंतरच लावू द्या. पुट्टीखाली भेग आणि वेल्डिंग दोन्ही झाकली जातात.

फसल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. व्यापारी वापराचं मशीन म्हणून समोरचा हरकत घेईल. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरत असाल, तर कायद्यात त्याला सूट आहे. ते तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि आधीच्या-नंतरच्या मापांचा सही केलेला कागद सोबत जोडा.