दिंडोरी शिराज, ला रिझर्व्ह की सेते: एकच रेड घ्यायची तर कुठली?

एकच बाटली घ्यायचीये, रेडच हवीये, इम्पोर्टेडचे भाव बघून हात मागे येतो आणि दुकानदार म्हणतो 'साहेब सगळ्या चांगल्याच आहेत', अशा वेळी बहुतेक जण शेवटी लेबल बघून उचलतात. आमच्या ग्रुपमध्ये मात्र या तीन बाटल्यांवरून कायम हमरीतुमरी होते. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराज, ग्रोव्हरची ला रिझर्व्ह आणि फ्रातेल्लीची सेते. तिन्ही कोरड्या म्हणजे ड्राय रेड, गोडवा नसलेल्या, तिन्ही ओकच्या पिंपात राहून आलेल्या, तरी समोरासमोर ग्लासात ओतल्या की एकीचं दुसरीशी काही जुळत नाही.

आधी खिशाचं बोलू. सेते तिघींत सगळ्यात महाग, बाकीच्या दोघी साधारण एका पट्ट्यातल्या. नक्की आकडा लिहीत नाही कारण तो दुकानागणिक आणि वर्षागणिक सरकतो. महाराष्ट्रातल्या द्राक्षांच्या वाइनला २००१ च्या धोरणापासून करात सवलती मिळत आल्यात आणि बाहेरच्या राज्यातनं आलेल्या बाटलीवर जास्तीचा कर बसतो, त्यामुळे कर्नाटकातल्या नंदी हिल्सवरनं येणारी ला रिझर्व्ह इथे विकत घेताना त्यातले काही पैसे वाइनचे नसून सीमा ओलांडल्याचे असतात, हे डोक्यात ठेवा.

ला रिझर्व्हपासूनच सुरू करतो कारण ती जुनी. कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये बंगळुरूजवळ नंदी हिल्सला कंपनी काढली, पुढे फ्रान्समधल्या बोर्दोचे वाइनतज्ज्ञ मिशेल रोलाँ यांचा सल्ला घेतला, आणि ती फ्रेंच वळणाची शिस्त आजही चवीत लागते. कॅबर्ने सोव्हिन्याँ आणि शिराज या दोन द्राक्षांचं मिश्रण आहे. नाकाला आधी आलुबुखार, मग थोडं व्हॅनिला आणि मागनं हलकासा ढोबळी मिरचीचा हिरवा वास, जो कॅबर्नेत बऱ्याचदा असतो आणि काहींना अजिबात आवडत नाही (मला आवडतो). तोंडात मऊ आहे, टोचत नाही, घोट गिळल्यावर फार रेंगाळतही नाही. ज्या माणसाने आजवर फक्त पोर्टच्या नावाखाली विकली जाणारी गोड वाइन प्यायलीये आणि ज्याला पहिल्यांदा ड्राय रेड पाजायचीये त्याच्यासाठी ही बाटली, बाकीच्या दोघी त्याला घाबरवतील.

दिंडोरी शिराज एकदम दुसऱ्या स्वभावाची. ग्लास नाकाशी नेला की काळी मिरी येते, मग पिकलेलं जांभूळ, मग लाकूड. वर्षभर ओकमध्ये असते आणि ते ती लपवत नाही, काही व्हिंटेजमध्ये, म्हणजे काही वर्षांच्या द्राक्षांच्या बाटल्यांत, तर मला लाकूड जरा जास्तच वाटलंय. अंगाने भरलेली, गोडसर भासणारी पण गोड नसलेली. असं का होतं ते द्राक्षाच्या वेळापत्रकात दडलंय. आपल्याकडे थंडीअभावी वेल नीट झोपतच नाही, म्हणून वर्षातनं दोनदा छाटणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पाऊस सरताना सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे युरोपातल्या बागा गारठलेल्या असतात तेव्हा. हिवाळ्यातल्या गार रात्रींनी फळ निवांत पिकतं ते ठीक, पण तोडणी मार्चकडे सरकली की ऊन चढतं, साखर भराभर वाढते, आंबटपणा उतरतो, आणि मग वाइन जाड आणि चढी होते. शिराजला ऊन मानवतं म्हणून दिंडोरीत ते खपून जातं.

आणि सेते. अकलूज म्हटलं की ऊस आणि साखर कारखाना, तिथे इटालियन द्राक्ष लावणं हा प्रकारच धाडसाचा. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावाभावांच्या तीन जोड्यांनी मिळून काढलेली ही फ्रातेल्ली कंपनी, वाइन बनवण्याची बाजू इटलीतल्या टस्कनीच्या पिएरो मासी यांच्याकडे. सेतेमध्ये सांजोवेजे आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ. सांजोवेजे मुळातच आंबट अंगाचं द्राक्ष, त्यामुळे आपल्या उन्हातही वाइनला धार राहते. उघडल्या उघडल्या प्यायलीत तर पैसे वाया गेल्यासारखं वाटेल, हे आधीच सांगतो. पहिला घोट हिरड्यांना धरतो, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी ओढून घेतल्यासारखी होते तसं, आणि वास जवळजवळ बंद. मोठ्या भांड्यात ओतून अर्धा-पाऊण तास ठेवा, गप्पा मारा, चकल्या खा, मग परत नाक घाला. आता आंबट चेरी येते, चामडं येतं, तंबाखूच्या पुडीचा सुका वास येतो, आणि तुरटपणा तोच असला तरी आता तो घोटाला आधार देतो. तिघींत वाइन म्हणून सेतेच वरचढ, यावर आमच्यात आता फारसा वाद उरलेला नाही, वाद आहे तो ती जेवणात चालते का यावर.

माझं म्हणणं, आपल्या नेहमीच्या तिखट जेवणात नाही चालत. तिखट आणि टॅनिन (म्हणजे रेडमधला तो तुरटपणा) एकत्र आले की दोन्ही वाढतात, त्यात या वाइन्स १३-१४ टक्क्यांच्या आसपासच्या, अल्कोहोल तिखटाला आणखी भडकवतं. तांबड्या रश्श्यासोबत सेते म्हणजे रश्श्यावर अन्याय आणि सेतेवरही. ती द्या टोमॅटो सॉसच्या पास्त्याबरोबर, जुन्या कडक चीजबरोबर, फार तर मिरची बेताची घातलेल्या भाजलेल्या मटणाबरोबर. मटण सुक्कं, काळ्या मसाल्याचं, मिरी-लवंग पुढे आणि लाल तिखट मागे असं असेल तर दिंडोरी, तिथे तिची मिरी मसाल्यात अशी मिसळते की बाटली कधी संपली कळत नाही. ला रिझर्व्ह चिकन, मशरूम, पनीर टिक्का असल्या मधल्या गोष्टींना. आणि खरंच झणझणीत रस्साच असेल तर तिन्ही सोडा, सुलाची झिनफांडेल जरा जास्त गार करून प्या नाहीतर सरळ बियर.

गार करण्यावरनं आठवलं. 'रेड रूम टेंपरेचरला प्यायची' हे थंड देशातल्या खोल्यांचं शास्त्र, आपल्याकडे मे महिन्यातली खोली ३० च्या पुढे असते आणि त्या तापमानाला कुठलीही रेड नुसती दारूसारखी जळते. १६ ते १८ अंश हवं, म्हणजे अशा खोलीतली बाटली फ्रिजमध्ये तासाभराहून जरा जास्तच. दिंडोरीवर याचा सगळ्यात जास्त फरक पडतो, गरम असताना जे लाकूड आणि अल्कोहोल अंगावर येतं ते बरंच मागे जातं.

बाटली निवडताना व्हिंटेज बघाच, आणि त्याहून जास्त बघा ती ठेवलीये कुठे. आमच्या भागातल्या एका दुकानात काचेच्या शोकेसमध्ये दुपारचं ऊन खात उभी असलेली सेते ऑफर म्हणून स्वस्तात मिळाली होती, उघडली तर शिजवलेल्या मनुकांचा वास आणि शेवट सपाट. मागच्या बाजूच्या एसीतली बाटली मागा, दुकानदार कुरकुरला तरी.

एकदम सोपं करून हवं असेल तर, भेट द्यायला आणि समोरचा जाणकार असेल तर सेते, नवख्याला ला रिझर्व्ह, स्वतःच्या घरी रविवारच्या मटणाला दिंडोरी. मी स्वतः सेतेचं कौतुक करतो आणि घेतो मात्र बहुतेक वेळा दिंडोरीच, कारण पाऊण तास थांबायचा पेशन्स घरात कुणाकडे नाहीये.

उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, रेड असली तरी. ला रिझर्व्ह दुसऱ्या दिवशी पडते, ती त्याच संध्याकाळी संपवा. दिंडोरी एक दिवस तग धरते. सेते मात्र दुसऱ्या दिवशी कधीकधी पहिल्यापेक्षा बरी लागते, तेव्हा दोघंच असाल तर निम्मी मुद्दाम ठेवा.