गंगापूर रोडचा फॅशन शो: ३०० रुपयांत काय दिसलं

मी इंदिरानगरला फॉल-बिडिंग, पिको आणि ब्लाउज शिवायचं काम करते. दुकान म्हणजे बिल्डिंगच्या खालचा एक छोटा गाळा, दोन मशिनी आणि एक ओव्हरलॉक. हे आधीच सांगून टाकते, कारण फॅशन शोला गेले की माझी नजर मॉडेलच्या चेहऱ्यावर जातच नाही. आधी पावलांशी जाते, फॉल ओढलाय का बघायला. मग खांद्यावर, बाही नीट बसलीय का बघायला. चेहऱ्यापर्यंत पोचते तोवर बाई वळून परत निघालेली असते.

गेली सहा-सात वर्षं नाशिकमधले असले शो मी सोडत नाही. कालिदास कलामंदिरातले, लॉन्सवरचे, हॉटेलच्या हॉलमधले, कॉलेजांचे. घरात याला ‘हिचं खूळ’ म्हणतात. या डिसेंबरात गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर दोन दिवसांचं प्रदर्शन आणि संध्याकाळी फॅशन शो होता. आयोजकांचं नाव लिहीत नाही. माझी दोन गिऱ्हाइकं त्यांच्या नात्यातली आहेत आणि मला याच गावात धंदा करायचाय.

तिकीट मागच्या खुर्च्यांचं ३००, पुढच्या सोफ्यांचं १,०००. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई (त्यांना मी ताई म्हणते), आम्ही अर्थातच ३००वाल्या. पत्रिकेवर वेळ संध्याकाळी ६ची. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो ना, त्यातलेच ते दिवस. खुर्च्यांना पांढरी सॅटिनची कव्हरं घातलेली आणि ती दवानं ओलसर झालेली. शो सुरू झाला ७ वाजून ४० मिनिटांनी. त्याआधी दीपप्रज्वलन, गणेशवंदना आणि सत्कार. चौदा जणांना शाल-श्रीफळ. मी मोजले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. ताई म्हणाल्या, “अगं, त्यांना शाली कशाला? ते तर सूट घालून बसलेत. दोन इकडे पाठवा म्हणावं.”

तरीही जागा मात्र मला हवी तीच मिळाली. जे असल्या शोला पहिल्यांदा जाणार असतील त्यांना सांगते, सोफ्यांच्या मागे धावू नका. रॅम्प जिथे संपतो आणि मुली जिथून वळतात, त्या कोपऱ्याला बाजूची तिसरी रांग पकडा. समोरून नुसतं समोरचं दिसतं, आणि समोरचं काय, सगळेच नीट करतात. वळताना निऱ्या कशा पडतात, ब्लाउजचा मागचा गळा पाठीवर चिकटून आहे की सुटलाय, लेहेंग्याचा कॅनकॅन, म्हणजे घेर फुलवायला आतून लावलेली कडक जाळी, टोचतोय म्हणून ती पाय जरा फाकवून चालतेय का, हे सगळं बाजूनं कळतं. त्या दिवशी एका लेहेंग्याच्या घेराची कच्ची शिलाई काढायचीच राहून गेली होती. पांढरा दोरा, मरून कापडावर, चांगले हातभर लांब टाके. माझा हात आपोआप पर्समधल्या कात्रीकडे गेला.

पहिला राऊंड वेस्टर्न, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. मुंबईहून आणलेले तयार गाऊन, बहुतेक भाड्याचे. माप एकीचं, अंगात दुसरीच्या, आणि मागे पिनांची रांग. लहान मुलांचा राऊंड गोड होता, फक्त फार लांबला. एक मुलगा अर्ध्यातच खाली बसून बूट काढायला लागला. सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच.

मी ज्यासाठी गेले होते तो राऊंड चाळिशीपुढच्या बायकांचा होता, कारण त्यात माझं एक गिऱ्हाईक चालणार होतं. भाग घ्यायची फी ५,०००, मेकअप आपला आपण. बाई बँकेत आहेत, वय ४८. दोन महिने आमच्या बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये टाचांच्या चपला घालून चालायची प्रॅक्टिस करत होत्या, लिफ्टपासून मीटरच्या खोलीपर्यंत आणि परत. त्यांच्या पैठणीवरचा ब्लाउज माझा. प्रिन्सेस कट, कोपरापर्यंत बाही, बाहीला साडीचाच काठ. बाहीवरचा मोर दोन्हीकडे बाहेर बघत असला पाहिजे. एक पुढे बघतोय आणि एक मागे, असं झालं तर सगळा नूर जातो. त्यासाठी काठ उलटसुलट लावून बघत मी एक अख्खी दुपार घालवली होती.

त्या रॅम्पवर आल्या. ताईंनी माझा हात धरला. अकरा सेकंद. त्यात निवेदकानं आधीच्या बाईंचं नाव यांना दिलं आणि यांचं पुढचीला. आणि मोर? पदर मोकळा सोडायला सांगितलेला होता, तो डाव्या हातावर आला, डावी बाही झाकली गेली. उजव्या हातात नंबराची पाटी. माझे दोन्ही मोर पाटीमागे आणि पदरामागे! पण बाई चालल्या मात्र झकास. मान ताठ, पॅसेजमध्ये वळताना जो अडखळायचा पाय, तो अजिबात अडखळला नाही.

आता दिव्यांबद्दल, कारण या शोची सगळ्यांत मोठी खोट तीच. रॅम्पवर निळ्या-जांभळ्या एलईडीचा मारा. गाण्याबरोबर ते लुकलुकतात, मोबाइलमध्ये व्हिडिओ छान येतात, साडीचं मात्र वाटोळं होतं. पैठणीत ताणा, म्हणजे उभे धागे, एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवे, दुसऱ्या रंगाचा घेतला की अंगात धूपछाव येते. बाई हलली की हिरव्यात जांभळा झळकतो आणि पुन्हा लपतो. हे बघायला पांढरा, पिवळट, साधा उजेड लागतो. त्या निळ्या दिव्यात राणी रंग जांभळा, मोरपंखी काळा आणि जर चक्क करडी दिसत होती. आमच्या बाईंची साडी राणी-हिरवी होती, हे मला माहीत होतं म्हणून कळलं. शेजारची मुलगी म्हणाली, “वांगी कलर छान आहे ना?” मी काय बोलणार.

आणि मग तो शेवटचा राऊंड. निवेदक म्हणाला, “आता आपल्या येवल्याच्या अस्सल, हातमागावरच्या पैठण्या.” दहा मुली, दहा साड्या, सगळ्या एका प्रायोजक दुकानाच्या. कोपऱ्यावर येऊन प्रत्येकीनं पदर दोन्ही हातांनी पसरून धरला आणि पाठमोरी झाली. नेमका माझ्यासमोर, नेमका तिथे एकच पांढरा दिवा होता. पदराची उलटी बाजू मला स्वच्छ दिसली. धाग्यांचा जंजाळ, कापलेली टोकं, आणि दोन साड्यांना तर ते झाकायला मागून जाळी लावलेली.

गिऱ्हाईक साडी सुलटी बघतं, मी उलटी बघते. फॉल लावायचा तर साडी उलटीच करावी लागते ना. हातानं विणलेल्या पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाच्या धाग्याची कांडी वेगळी असते. मोराच्या मानेचा निळा धागा मानेच्या कडेपर्यंत जातो, तिथून वळतो, परत येतो, तो पदरभर भटकत नाही. म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. जकार्डच्या मशीनमागावर मात्र धागा या मोरापासून त्या मोरापर्यंत मागून मोकळा धावतो, नंतर तो कापतात, आणि मागे ती टोकं राहतात. अशा मशीनवरच्या पैठणीला सेमी म्हणतात. सेमी पैठणी वाईट असं मी म्हणत नाही. माझ्याकडे तीन आहेत, हळदीकुंकवाला त्याच नेसते, धुवायला सोप्या. पण सेमीला सेमी म्हणा की! पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय निवेदकानं माइकवर काहीही बोलावं म्हणून?

शो संपल्यावर त्या दुकानाच्या स्टॉलवर मुद्दाम गेले. तीच नक्षी, २,२०० रुपये, वर पाटी ‘येवला पैठणी’. विचारलं, सिल्क मार्क, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण, आहे का? मुलगा म्हणाला, “मॅडम, ते स्टिकर लावलं की भाव वाढतो, म्हणून आम्ही काढून टाकतो.” ताईंना हसू आवरेना. मी पदराच्या दशीतला एक धागा मागितला, जाळून बघते म्हटलं. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळतं, त्याचा कडक मणी होतो. मुलानं साडी हळूच घडी करून आत ठेवली.

या सगळ्यात ३०० रुपये वसूल कुठे झाले, तर त्याच मांडवाच्या पार टोकाला, जनरेटरच्या शेजारी, जिथे कोणी फिरकत नव्हतं. तिथे येवल्याचा एक विणकर छोटा, दाखवायचा माग घेऊन बसला होता. येवला इथून ८० किलोमीटरवर, आपल्याच जिल्ह्यातलं, आणि आपल्यातल्या कितीजणींनी माग चालताना बघितलाय? आम्ही तिथे पाऊण तास उभ्या होतो. जनरेटरच्या आवाजात त्याला ओरडून बोलावं लागत होतं. ताण्याचे धागे बोटांनी उचलायचे, खालून कांडी सरकवायची, पुढच्या रंगाला अडकवून परत फिरवायची, मग फणीनं ठोकायचं. समोर कागदही नव्हता. मी विचारलं, “दादा, नक्षी कुठे बघता?” तर म्हणाला, “ताई, धागे मोजतो. चुकलं की बोटालाच कळतं.” आम्ही उभ्या होतो तेवढ्या वेळात मोराच्या मानेचा भाग पुढे सरकला तो करंगळीच्या नखाएवढा. त्याच्याकडची सगळ्यांत साधी, अंगात बुट्टी कमी असलेली साडी १४,००० ची. भरगच्च पदराच्या साडीला महिनेच्या महिने जातात. मी न सांगताच त्यानं पदर उलटा करून माझ्या हातात दिला. मी त्यावरून अंगठा फिरवला. कुठेही टोक लागलं नाही.

त्याला रॅम्पवर का नाही बोलावलं, असं विचारलं. स्टॉलचं भाडं भरलंय, रॅम्पचे पैसे वेगळे, असं उत्तर आलं. म्हणजे हातमागाच्या नावानं राऊंड झाला आणि हातमाग जनरेटरशेजारी.

खाण्याचे स्टॉल होते. मिसळ गार, चहा बरा. बायकांसाठी स्वच्छतागृह एकच आणि तिथली कडी तुटलेली, त्यामुळे जोडीनं जा.

तुलनेसाठी सांगते, मागच्या मार्चमध्ये इथल्याच एका कॉलेजच्या फॅशन डिझाइनच्या मुलींचा शो बघितला होता. फुकट पास, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, साधे ट्यूबलाइट. शिलाया काही ठिकाणी वाकड्या होत्या, खोटं कशाला बोला. पण एका मुलीनं कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्यांचा घेरदार स्कर्ट केला होता. लासलगावच्या घरची असावी अशी मी मनाशी खूणगाठ बांधली आणि निघाली पिंपळगावची. जाळी मशीनखाली सरकत नाही, सुईच्या भोकात ओढली जाते, म्हणून मी तिला गाठून विचारलं की शिवलं कसं. “काकू, खाली वर्तमानपत्र धरून शिवलं, मग कागद फाडून काढला.” आत मऊ मलमलचं अस्तर, म्हणजे पायाला टोचू नये एवढा विचार केलेला. तिथे पुढच्या वेळी पास मिळाला नाही तर मी भिंतीवरून उडी मारून जाईन.

गंगापूर रोडच्या या शोला पुढच्या वर्षी जाल तर संध्याकाळच्या तिकिटाचे पैसे घालू नका. दुपारी प्रदर्शनाला जा, प्रवेश २० रुपये आहे, उन्हाचा उजेड असतो आणि रंग खरे दिसतात. जनरेटरचा आवाज येईल त्या दिशेनं चालत राहा. नात्यातलं कोणी रॅम्पवर चालणार असेल तर मात्र ३०० चं काढा, गरम पाण्याची बाटली आणि शाल घरून न्या, आणि ७ च्या आधी घरून निघू नका.

आमच्या बँकेच्या बाईंना ‘बेस्ट स्माइल’चा सॅश मिळाला. परवा ब्लाउज घेऊन आल्या होत्या. दोन्ही बगलांना अर्धा-अर्धा इंच सैल करायचाय, फेब्रुवारीत संभाजीनगरला शो आहे म्हणे. मार्जिन ठेवलेलं होतंच. मी एवढंच म्हटलं, या वेळी पाटी डाव्या हातात धरा.