वंशावळीच्या साइटचे चौदा महिने आणि ‘मूळ गाव’ नावाचा नसलेला रकाना

सकाळी दूध घेऊन आले तर मोबाईलवर बँकेचा मेसेज: ७,१९९ रुपये खात्यातून गेले. वंशावळ शोधायच्या परदेशी साइटचं वर्षाचं सभासदत्व आपोआप पुढच्या वर्षावर गेलं होतं. रक्कम १५,००० च्या आत असल्यामुळे ओटीपी मागितला नाही. आदल्या दिवशी सूचनेचा मेसेज आला होता, तो लग्नाच्या गडबडीत वाचायचा राहिला. त्या दिवसापासून कंपनीशी जे भांडण सुरू आहे, त्यामुळेच हे लिहायला बसले. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जी उणीव सलते ती अशा साइट्सच्या मुळातच आहे असं आता वाटतं.

घराण्याचं झाड कसं काढायचं, ‘इशारे’ म्हणजे जुळणाऱ्या जुन्या नोंदींच्या सूचना कशा येतात, फोटो कसे जोडायचे, हे अशी साइट एकदा उघडलेल्या सगळ्यांना माहीत असतं. ते सोडून देते.

मी इंदूरची. माझं माहेरही इंदूरचं, सहा पिढ्यांपासून. आमच्या घरात एकच वाक्य चालत आलंय: ‘आपण निमगावचे, मल्हाररावांच्या फौजेबरोबर आलो.’ कोणतं निमगाव, ते कुणी सांगत नाही. पळशीकरांचं बरं आहे, पारनेरजवळच्या पळशीचे हे आडनावातच लिहिलेलं आहे. आमच्या आडनावात ‘कर’ नाही. शिवाय त्यात ‘ळ’ आहे. इथल्या हिंदी कागदांवर तो ‘ल’ होतो, जसं होळकरांचं होल्कर झालं, आणि इंग्रजीत तर प्रत्येक भावाचं स्पेलिंग निराळं. बाबा गेल्यावर आत्या म्हणाली, ‘अगं, निमगाव म्हणणारी मी शेवटची. माझ्यामागे तेही जाईल.’ त्याच आठवड्यात मी पैसे भरले.

पहिला महिना छान गेला. रात्री जेवणं आटोपली की मी आणि आत्या फोनवर, ती सांगतेय आणि मी भरतेय. एका गोष्टीसाठी ही साइट मला मनापासून आवडली, आणि ते आजही खरं आहे. आमच्याकडे काकांनी जपलेली जुनी वंशावळ आहे, तिच्यात फक्त मुलगे. मुलींच्या जागी ‘कन्या २’ एवढंच. साइटवर मात्र मुलगी आणि मुलगा सारख्याच मापाच्या चौकटीत बसतात, आणि सुनेचं माहेरही पुढे तेवढंच वाढवता येतं. माझ्या पणजीचं माहेरचं नाव आत्याला आठवत होतं. ते त्या चौकटीत लिहिलं तेव्हा आत्या फोनवर बराच वेळ काही बोललीच नाही. त्या पणजीचं नाव आमच्या घरात पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलं गेलं होतं.

आता उणीव. प्रत्येक माणसासाठी साइटवर स्थळाचे रकाने आहेत: जन्म कुठे, लग्न कुठे, मृत्यू कुठे. मूळ गाव कुठलं, हा रकानाच नाही. माझे बाबा, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा सगळे इंदुरात जन्मले, इंदुरात गेले. मग निमगाव लिहायचं कुठे? आमच्याकडे माणसाची ओळख जिथे जन्मला त्या दवाखान्यावरून होत नाही, गावावरून होते. लग्न ठरवताना, कुलदैवताला जाताना, श्राद्धाला, प्रत्येक वेळी तेच विचारतात. मी चार वेळा कंपनीला लिहिलं की हा एक रकाना द्या. चारही वेळा एकच साचेबंद उत्तर आलं, की माहिती ‘टिपणी’त लिहा. टिपणीतलं तर शोधात येतच नाही!

शेवटी मूळपुरुषाच्या जन्मस्थळात ‘निमगाव’ टाकलं. साइटने आपल्या यादीतलं पहिलं निमगाव उचललं, नकाशावर टाचणी रोवली आणि त्या भागातले इशारे द्यायला लागली. आता निमगावं किती आहेत ते बघा. इंदापूर तालुक्यात निमगाव केतकी, शिरूरमध्ये निमगाव म्हाळुंगी, संगमनेरात निमगाव जाळी, नगरजवळ निमगाव वाघा, आणि खेडजवळ खंडोबाचं निमगाव, ज्याला निमगाव दावडी म्हणतात. आमचं कुलदैवत खंडोबा. त्यामुळे तीन महिने मी खेडच्या निमगावाला आपलं धरून चालले होते. खंडोबा अर्ध्या महाराष्ट्राचं कुलदैवत आहे, तेवढ्यावरून गाव ठरत नाही, हे तेव्हा सुचायला हवं होतं.

आणि ज्यासाठी पैसे घेतात ती ‘भारतातली कागदपत्रं’? माझ्यासमोर उघडले ते महू छावणीतल्या गोऱ्या शिपायांच्या मुलांचे बाप्तिस्मे, त्यांची लग्नं, त्यांची दफनं. महू आमच्यापासून तेवीस-चोवीस किलोमीटरवर. त्या लेकरांबद्दल वाईट वाटतं, काही तर महिनाभराचीही झाली नव्हती. पण त्यांची नोंद आमच्या कामाची नाही. या साइट्सची सगळी रीत जनगणनेवर उभी आहे. इंग्लंडात घरटी नावांचे तक्ते १८४१ पासून जपलेत आणि शंभर वर्षांनी खुले होतात, १९२१ चे २०२२ मध्ये झाले. दर दहा वर्षांनी एक पायरी मागे जायचं. आपल्याकडे जनगणनेचे आकडे छापून आले, घरोघरच्या नावांचे तक्ते जपलेच नाहीत. ती शिडीच नाही. हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं.

साइटच्या संदेशांतून मॉरिशसच्या एका मराठी बाईंशी ओळख झाली, हे मात्र अनपेक्षित सुख. त्यांचे पूर्वज मुंबईहून जहाजाने मजूर म्हणून गेलेले. १८३४ पासून तिकडे गेलेल्या गिरमिटियांची, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांची, दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत, आणि त्यात क्रमांक, बापाचं नाव, वय, जहाज, गाव, जिल्हा सगळं. बाईंनी मला त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांचं गाव एका दमात सांगितलं. समुद्र ओलांडून गेलेल्याचं गाव कागदावर राहिलं, आणि आग्रा रस्त्याने पायी इंदूरला आलेल्याचं हरवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या घरात एकच मोडी कागद होता, काकांच्या ट्रंकेत. तो वाचता यावा म्हणून तीन महिने ऑनलाइन मोडी शिकले, पंधराशे रुपयांत. साइटपेक्षा हा खर्च कितीतरी चांगला. आधी सबंध ओळभर रेघ, मग तिला लोंबकळत अक्षरं, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पण महिन्याभरात ‘मौजे’, ‘बिन’, ‘रुपये’ ओळखू यायला लागतात. कागद कर्जरोख्याचा दुसरा बंद, म्हणजे दुसरं पान, निघाला. पहिला हरवलेला. आणि गावाच्या जागी काय होतं? ‘वस्ती मौजे मजकूर’. म्हणजे वर सांगितलेलं गाव. वरचं पानच नाही!

सन मात्र होता, अरबी शब्दांत: सलास सलासीन मयातैन व अलफ. तीन, तीस, दोनशे, हजार, म्हणजे सुहूर सन १२३३, जुन्या मराठी दप्तरांत चालणारी कालगणना. त्यात ५९९ मिळवायचे, की १८३२-३३. साइटच्या तारखेच्या रकान्यात सुहूर, शक, फसली काहीच चालत नाही. मी चुकून १२३३ टाकलं तर बाप मुलापेक्षा सहाशे वर्षांनी मोठा म्हणून लाल खूण आली. हे निदान हिशेब करून भरता येतं. गावाचं तसं नाही.

नवव्या महिन्यात नाशिकला गेले. आत्याला आठवलं होतं की आजोबा त्यांच्या आईच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेले होते. सरवटे बसस्थानकावरून रात्रीची बस, सेंधवा, धुळे, सकाळी नाशिक. पंचवटीत आडनाव सांगत दोन दारं फिरले. तिसऱ्या ठिकाणी आमच्या आडनावाच्या वह्या असलेले उपाध्ये भेटले. मी म्हटलं, ‘आम्ही निमगावचे.’ त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला: ‘कोणतं निमगाव, ताई?’

नऊ महिन्यांत, सात हजार रुपये घेऊनही, हा प्रश्न मला त्या साइटने एकदाही विचारला नव्हता.

दुसरा प्रश्न: ‘तुमच्याकडचं शेवटचं कोण आलं होतं, केव्हा?’ या वह्या अशाच चालतात. यात्रेकरू येतो तेव्हा स्वतःच्या हाताने लिहितो: मी कोण, बाप, आजा, भाऊ, मुलं, गाव, सध्या कुठे, कशासाठी आलो, आणि सही. पुढचा आला की मागच्या पानाला जोडलं जातं. अर्ध्या तासात आजोबांचं पान निघालं, शके १८६०. म्हणजे १९३८. त्यांचं अक्षर मी पोस्टकार्डांवरून ओळखते, ‘र’ला तीच मागे ओढलेली शेपटी. आणि गाव: निमगाव केतकी.

त्या पानावरून मागची वही, तिच्यावरून आणखी मागची. शेवटची मोडीत. उपाध्ये वाचत होते आणि मी त्यांच्या बोटाबरोबर जात होते. शके १७६६, म्हणजे १८४४. खापरपणजोबांच्या वडिलांची नोंद. ‘मौजे निमगाव केतकी, परगणे इंदापूर, हल्ली वस्ती इंदूर.’ बाप निमगावीच वारला, त्याच्या क्रियेसाठी आलो, असं पुढे. आईचं नावही होतं.

‘हल्ली वस्ती’. १८४४ साली एका साध्या माणसाला ठाऊक होतं की गावाचे रकाने दोन लागतात.

मल्हाररावांच्या फौजेची गोष्ट अर्थातच टिकली नाही. मल्हारराव १७६६ मध्ये गेले, आणि आमचा माणूस त्यानंतर दोन पिढ्यांनी आला, तलवार घेऊन नव्हे तर घरी कर्ज ठेवून. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला मात्र हा माणूस जास्त जवळचा वाटतो. १८३० च्या सुमारास प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या जमीनमोजणीवर बसवलेला सारा इंदापूर तालुक्याला इतका जड झाला की शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. शेवटी १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी याच तालुक्यापासून सारा कमी करत नवी मोजणी सुरू केली. कर्जरोखा १८३२-३३ चा आहे. झाडावर मी हे कारण म्हणून लिहिलेलं नाही, पण ट्रंकेतला तो कागद आता वेगळ्याच मनाने हातात घेते.

नाशिकचा सगळा खर्च, बस, दोन रात्रींची खोली, दक्षिणा धरून, ३,४०० झाला. निघताना उपाध्यांनी वही पुढे केली. मी लिहिलं, आईचं नावही लिहिलं, मुलीचंही.

हे इथवर लिहून बारा दिवस झाले. दरम्यान कंपनीचं उत्तर आलं, या वेळी माणसाने लिहिलेलं. दुसऱ्या वर्षाचे पूर्ण पैसे परत मिळाले. त्यामुळे सुरुवातीला जो राग होता तो थोडा उतरलाय, आणि आधी एक तारा देणार होते त्याचे अडीच करते. अडीच का? मुलींच्या चौकटींसाठी, आणि मॉरिशसच्या बाईंसाठी. रकान्याबद्दल त्या माणसाने ‘सूचना नोंदवली’ एवढंच लिहिलंय. हे पाचव्यांदा.

तुम्ही इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याचे असाल आणि पूर्वज देशावरून किंवा कोकणातून आले असतील, तर पैसे भरण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दोनच गोष्टी विचारा: आपल्यातलं कोण कोणत्या तीर्थाला गेलं होतं, आणि साधारण कोणत्या साली. नाशिक, त्र्यंबक, काशी, गया, प्रयाग, जिथे गेले तिथली वही. फुकट बघायचं तर फॅमिलीसर्च आहे, अमेरिकेतल्या लॅटर-डे सेंट्स चर्चचं. त्यांनी हरिद्वारच्या बह्यांची, म्हणजे तिथल्या अशाच वह्यांची, छायाचित्रं ठेवली आहेत. बरंच पान-पान उघडून बघावं लागतं, पण पैसे नाहीत आणि कार्डही मागत नाहीत.

मी माझं झाड साइटवरून जेडकॉम फाईलमध्ये उतरवलं (वंशावळ एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायची ही फाईल) आणि ग्रॅम्प्स नावाच्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं, तेही फुकट आहे. त्यात आपल्या मनाचा रकाना बनवता येतो. फोटो आले नाहीत, ते एकेक करून पुन्हा जोडतेय. पण सहाही पिढ्यांसमोर आता ‘मूळ गाव’ आहे, आणि त्याखाली ‘हल्ली वस्ती’.

साइट घ्यायचीच असेल तर पैसे भरल्याच्या दिवशीच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावरची आपोआप कपातीची परवानगी काढून टाका. साइटवरचं बटण त्यानंतर शोधत बसा. ते मला सापडायला चाळीस मिनिटं लागली.