लहान तळ्यासाठी कोणती काठी : रिळाची की टेनकारा?

लहान तळ्यातल्या रोच, रड, पर्च आणि बेताच्या कार्प या माशांसाठी फ्लाय फिशिंग, म्हणजे हुकावर बांधलेल्या कृत्रिम माशीने मासेमारी, करायचे ठरले की प्रश्न उरतो तो काठीचा. तीन-चार नंबरच्या दोराची (नंबर जितका मोठा तितका दोर जड), सात-साडेसात फुटी रिळाची काठी घ्यावी, की रीळच नसलेली, टोकाला दोर बांधलेली जपानी टेनकारा? मी दोन्ही वापरतो आणि दोन्हींविषयी माझ्या तक्रारी आहेत.

रिळाच्या काठीचा आवाका मोठा आहे, हे आधी मान्य करायला हवे. पाठीमागे झाडे असली तरी रोल कास्टवर, म्हणजे दोर मागे न फेकता पुढे लोळवत टाकण्यावर, काम भागते आणि पलीकडच्या काठाजवळचा मासाही टप्प्यात येतो. पर्चसाठी छोटा स्ट्रीमर (लहान माशासारखी दिसणारी माशी) झटके देत खेचायचा असेल तर तिला पर्याय नाही. टेनकाराचे टोक हलवून माशीत थोडी जान आणता येते, पण पाठलाग करणाऱ्या पर्चसमोर ती दूरवर पळती ठेवणे जमत नाही.

तरीही माझ्यापुरता निकाल लावला तो पायाशी पडणाऱ्या सैल दोराने. तळ्याचा काठ म्हणजे गवत, लव्हाळे आणि वाळक्या काटक्या. खेचलेल्या दोराची वेटोळी नेमकी त्यांतच जाऊन बसतात. पुढच्या फेकीला गवताची एखादी काडी दोरासकट उचलली जाते, काठीच्या पहिल्या कडीत अडकते, फेक अर्ध्यावर आखडते आणि माशी कमळाच्या पानांच्या अलीकडे आपटून पृष्ठभागाजवळ चरणारे रड क्षणात खाली जातात. कमरेला दोर साठवायची परडी बांधणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे आणि तो चालतोही. मात्र लहान तळ्यावर माशांच्या नजरेस पडू नये म्हणून गुडघे टेकून बसावे लागते, आणि तेव्हा ती परडी सारखी मांडीवर आदळत राहते.

टेनकाराला सैल दोरच नसतो. ३.६ मीटरची काठी आणि साधारण तेवढाच दोर एवढ्यात काठालगतचे बहुतेक मासे टप्प्यात येतात. लांब काठीमुळे दोर पानांच्या वरून अधांतरी धरता येतो, पाण्याला फक्त माशी आणि थोडे टिपेट (माशीला जोडलेला टोकाचा बारीक धागा) टेकते, आणि सावकाश बुडणारी माशी रडने वरच्यावर घेतली की दोराची हालचाल लगेच दिसते. डोक्यावर फांद्या लोंबत असतील तर मात्र हीच लांबी नडते.

खरी अडचण मोठ्या कार्पची आहे. सोडायला दोर नसल्याने मासा शेवाळाकडे सुटला की सगळा ताण टिपेटवर येतो, आणि काठी वाचावी म्हणून ते ५एक्सपेक्षा, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटरपेक्षा, जाड न ठेवण्याचा सल्ला सहसा दिला जातो. तोंडात माशी घेऊन मासा निघून जावा हे बिनकाट्याच्या हुकानेही समर्थनीय ठरत नाही; त्यामुळे दोन-तीन किलोंचे कार्प जिथे नित्याचे आहेत, तिथे मी पाच-सहा नंबरची रिळाची काठीच सुचवीन. पण तळे खरोखर लहान असेल आणि त्यात मुख्यतः रड-रोच असतील, तर मला वाटते टेनकारा अधिक सुखाची होईल. फक्त सुरुवातीला दोर आणि टिपेट मिळून लांबी काठीपेक्षा जास्त ठेवू नये, म्हणजे मासा जाळीत घेताना दोर हाताने ओढावा लागत नाही.