प्लास्टिकचा स्किनफोल्ड कॅलिपर: पीएचडीच्या मोजमापाला पुरतो का?

स्किनफोल्ड कॅलिपर म्हणजे चिमटीत धरलेल्या कातडीच्या घडीची जाडी मोजून चरबीचा अंदाज घेण्याचे साधन. नाशिकच्या सर्जिकल दुकानांत सहसा साधा प्लास्टिकचाच कॅलिपर दाखवतात. जिमसाठी ठीक, पोषणशास्त्राच्या प्रबंधासाठी नाही. कारण दाब. घडीवर दर चौरस मिलिमीटरला 10 ग्रॅम इतका स्थिर दाब हवा. स्प्रिंग नसलेल्या प्लास्टिकमध्ये तो अंगठा ठरवतो. सकाळचा अंगठा आणि सुरगाण्याच्या आश्रमशाळेतल्या साठाव्या मुलीपर्यंत थकलेला अंगठा एक नसतो!

ट्रायसेप्सची घडी खांद्याचे हाड आणि कोपर यांच्या मधोमध, दंडाच्या मागे, उभी धरतात. खूण केल्याशिवाय चिमूट घेऊ नका. कॅलिपर बोटांखाली 1 सेंटिमीटरवर लावून साधारण 2 सेकंदांनी आकडा वाचा. जास्त थांबलात तर चरबी दबते, आकडा उतरतो. तीनदा मोजा, पण लागोपाठ नको, मधे दुसऱ्या जागा घ्या. आणि आकडा वाचून होईपर्यंत घडी सोडायची नाही, इथेच नवखे चुकतात.

हार्पेंडन प्रकारचा धातूचा कॅलिपर 0.2 मिलिमीटरपर्यंत वाचतो. महाग आहे, म्हणून विभागाकडून मागा. इगतपुरीच्या पावसात तो कोरड्या डब्यातच ठेवा. प्लास्टिकचा सरावापुरता घ्या.