पहिल्या बेसवर कोण? अ‍ॅन्सन, ब्राउदर्स की कॉनर

एकोणिसाव्या शतकातल्या बेसबॉलपटूंचा नऊ जणांचा संघ कागदावर मांडायला बसलं की पहिल्या बेसपाशी, म्हणजे तिथल्या क्षेत्ररक्षकाच्या जागेपाशी, गाडं अडतं. कॅप अ‍ॅन्सन, डॅन ब्राउदर्स आणि रॉजर कॉनर, तिघंही त्याच जागेवरचे. घ्यायचा एकच. मी ब्राउदर्सला घेतो.

क्रिकेटच्या सवयीने इथली सरासरी वाचू नका. ०.३०० म्हणजे दहा वेळांत तीन हिट (फटका मारून बेस गाठणं), आणि तेवढ्यावर फलंदाज चांगला गणला जातो.

बेरजेत अ‍ॅन्सन पुढे. १८७१ ते १८९७ अशी २७ वर्षं खेळला, त्यातली २२ शिकागोकडून. हिट ३,४३५. पण हा आकडा जरा उलगडून बघा. १८७६ आधीच्या नॅशनल असोसिएशन या जुन्या लीगमधले हिट वगळले की तो ३,००० च्या जेमतेम वर उरतो. १८८७ साली पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला बेसही हिट धरत. त्या हिशोबाने त्याची सरासरी ०.४२१, आजच्या हिशोबाने ०.३४७. १८८४ मध्ये त्याने २१ होमरन (एका फटक्यात चारही बेसची फेरी) मारले, तेव्हा शिकागोच्या मैदानाचं बाजूचं कुंपण २०० फुटांच्याही आत होतं. आदल्या वर्षापर्यंत त्यापलीकडचा फटका दोनच बेसचा धरत! एरवी एकाही मोसमात तो बाराच्या वर गेला नाही.

आणखी एक गोष्ट मला बाजूला ठेवता येत नाही. १८८३ साली टोलेडोत मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात असेल तर खेळणार नाही, म्हणून अ‍ॅन्सन अडून बसला. तिकिटांच्या पैशांवर पाणी सोडावं लागेल म्हटल्यावर उतरला. पुढे कृष्णवर्णीयांना दार बंद झालं, त्यात त्याच्या शब्दाचं वजन होतं.

कॉनर सव्वासहा फुटी, ताकदीचा. कारकिर्दीत १३८ होमरन, हा विक्रम १९२१ मध्ये बेब रूथने मोडला. २३३ ट्रिपल (तीन बेसचे फटके), म्हणजे एवढा मोठा देह पळवतही होता. १८८६ साली न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सबाहेर त्याने चेंडू भिरकावला, तेव्हा खूश झालेल्या शेअर दलालांनी वर्गणी काढून त्याला सोन्याचं घड्याळ दिलं. सरासरी मात्र ०.३१६.

ब्राउदर्सची ०.३४२. सरासरीत लीगमध्ये पाच वेळा पहिला: १८८२, १८८३, १८८९, १८९१, १८९२. ही वर्षं नीट बघा. १८८१ ते १८९२ पिचर ५० फुटांच्या खुणेतून चेंडू टाकत. १८९३ मध्ये ते अंतर ६० फूट ६ इंच झालं आणि सगळ्यांच्याच सरासऱ्या फुगल्या. ह्यू डफीची १८९४ मधली ०.४४० त्या सुगीतली. ब्राउदर्सचे पाचही मान त्याआधीचे, चेंडू जवळून अंगावर येत असतानाचे. नुसता टुकटुक करणाराही नव्हे: १०६ होमरन, २०५ ट्रिपल. आणि १८८९ च्या अख्ख्या मोसमात स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) किती? सहा! इतक्या जोराने बॅट फिरवणाऱ्याने इतकं कमी चुकावं, हे मला त्या काळात दुसरीकडे सापडत नाही.

तुमच्या संघात एड डेलाहँटी आणि बिली हॅमिल्टन हे मोठ्या सरासरीचे फलंदाज आधीच असतील, सरासरीची चिंता मिटलेली असेल, तर कॉनर घ्या. ब्राउदर्सपेक्षा तो ३०० हून अधिक सामने जास्त खेळला.